वन्संची फळी

मंगलावन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्याबद्दल चार लोकांत चांगलं बोलायची पाळी माझ्यावर येईल असं मला कुणी लग्नात सांगितलं असतं, तर हातातल्या अक्षता त्याच्याच डोक्यावर टाकून मी मांडवातून उठले असते. पण आली पाळी. आणि आलीच आहे तर हातचं राखून बोलणार नाही, तो माझा स्वभाव नाही.

मी मिरजेची. कुंभकोणमच्या मराठी घरात पडले त्याला आता तीसेक वर्षं झाली. ही इथली माणसं मराठा राजांच्या काळात तंजावरकडे आली आणि येताना जी मराठी आणली ती तशीच बरणीत घालून मुरवत ठेवली. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. पहिल्या सकाळी वन्संनी मला विचारलं, "लक्ष्मी, तुज कॉफी पाहिजे कीं नको?" मला वाटलं, ही बाई पोथी वाचतेय की काय! माझं नाव लग्नात नागलक्ष्मी ठेवलं होतं. वन्संनी त्यातली लक्ष्मी तेवढी ठेवली. नाग म्हणे माझ्या जिभेवर असतो.

वन्संनी लग्न केलं नाही. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत जन्म काढला, निवृत्त झाल्या आणि तिथलं अर्धं सामान घरी घेऊन आल्या असं माझं म्हणणं. त्यांच्या टेबलाखाली हत्यारांची पत्र्याची पेटी असते. तिला एकदा माझा पाय लागला. चुकून हो! तर या बाईनं मला वाकायला लावलं, पेटीला हात लावून तो डोळ्यांना लावायला लावला. "विद्या आहे ती. पाय लागूं देऊं नये." पेटीत काय होतं? एक पक्कड आणि मूठभर स्क्रू. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त झोंबलं.

आणि आमचे व्यंकोबा! नवऱ्याचं नाव घेते म्हणून नाक मुरडू नका. विम्याचे एजंट होते ते. तिरुविडैमरुदूरपासून नाचियार्कोविलपर्यंत असं एक घर नव्हतं जिथं बसून त्यांनी कॉफी प्यायली नाही आणि त्या घरच्या माणसाला मरणाची भीती घातली नाही. बोलणं म्हणजे काय, नळ उघडा टाकल्यासारखं. वर हौशी. आमच्याकडे मिरजेला खंडेनवमीला दोन हत्यारं पुजली की संपलं. इथं आयुधपूजेला घरातलं एक यंत्र सुटत नाही आणि त्यातले पुढारी हेच. सहाणेवर वाटीभर गंध उगाळायचे. मिक्सरला गंध, फ्रिजला गंध, स्कूटरला, शिलाई मशीनला, टीव्हीच्या रिमोटला. वर कुंकू. एका वर्षी माझ्या रक्तदाबाच्या यंत्रालाही लावलं. मी ओरडले, "अहो, आता मलाच लावा एक टिळा, मीही चोवीस तास चालते!" तर लावला की हो माणसानं, खरोखर, कपाळभर.

अशा माणसाला तो आजार व्हावा. स्नायूंना चालवणाऱ्या नसाच एकेक करून वाळत जातात. डोकं शाबूत, कान शाबूत, बाकीचा माणूस आतून बंद होत जातो. यांचं आधी बोलणं गेलं. नळ बंद. मी देवघरासमोर बसून देवाला नको नको ते बोलले, ते इथं सांगत नाही.

तेव्हा वन्संनी पेटी केली. लाकडाची, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यावर एक छोटी खिडकी, तिच्यात इंग्रजी अक्षरं एकामागून एक सरकतात. हवं ते अक्षर आलं की बटण दाबायचं. टीं वाजतं आणि अक्षर खाली उतरतं. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची घरची. एक वाक्य व्हायला माझी भाजी फोडणीला पडून शिजायची. पण बोलायला लागले हो! आणि मला गप्प करायचं असलं की बटण दाबूनच धरायचे. लांबलचक टींऽऽऽ. ती सोय वन्संनी भावाच्या सांगण्यावरून मुद्दाम करून दिली होती. दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध केलेला कट तो.

आधी बटण बोटाखाली होतं. हात गेला तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याखाली आलं. पण वन्संनी केलेल्या वस्तूला पाय कसा लावायचा? व्यंकोबांचा अंगठा बटणाशी जाऊन थबकायचा. शेवटी वन्संनी बटणाला कापडाचं टोपडं शिवलं. मधे कापड आलं म्हणजे पाय लागला नाही, असा यांचा न्याय. मी हसले होते तेव्हा.

या पेटीचा जीव म्हणजे आतली एक चिप. कोरी चिप बाजारात मिळते, पण तिला काहीच येत नसतं. अक्षरं सरकवायची, टीं वाजवायचं, हे सगळं तिच्यात आधी लिहावं लागतं. ते लिहायचं यंत्र वन्संनी फार पूर्वी विद्यार्थ्यांसाठी स्वतः बनवलं होतं. फणसाच्या लाकडाची एक फळी, तिच्यावर स्क्रूनं बसवलेली सर्किटची पट्टी, पट्टीवर चिप खोचायचा सॉकेट, आणि एक तार, जी जुन्या कॉम्प्युटरच्या मागच्या सिरीयल पोर्टात जाते. आम्ही तिला फळीच म्हणतो. कॉम्प्युटर एका टोकाला, कोरी चिप दुसऱ्या टोकाला, आणि मधे फळी. ती त्याचं ऐकून हिला शिकवते.

हात जायच्या आधीच्या आयुधपूजेला व्यंकोबांनी पेटीवर लिहिलं, "गंध मी लावणार." हात तेव्हा मनगटापासून जेमतेम हलत होता. वन्संनी कोपराला आधार दिला, मी वाटी धरली. मिक्सर नाही, फ्रिज नाही, एकच वस्तू त्यांनी निवडली. फळी. जिनं त्यांना बोलतं केलं ती. बोट थरथरत गेलं आणि सॉकेटच्या शेजारी टेकलं. टिळा कसला, थेंबच सांडला म्हणा, वर कुंकवाचा ठिपका. व्यंकोबा दमून घामाघूम झाले. त्या हातानं केलेलं ते शेवटचं काम. वन्संनी फळी तिरुभुवनमच्या रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. पुढच्या आयुधपूजेलाही तो रुमाल उघडला नाही, टिळा पुसला जाईल म्हणून.

यंदा दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडे खरा पाऊस तेव्हाच असतो, भिंतींना हात लावला तर ओला होतो. एका दुपारी वीज कडाडली, घरातले दिवे एकदा लख्ख झाले आणि गेले. दिवे आले परत. पेटी आली नाही.

वन्संनी ती उघडली, मीटरच्या तारा इथं टेकव, तिथं टेकव केलं आणि म्हणाल्या, "चिप गेली. दुसरी लिहूं." एवढं सोपं. मीही निर्धास्त होते.

आमचा मुलगा विघ्नेश बेंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "अम्मा, जुनं सोडा. नवीन बोर्ड मागवतो, प्रोग्राम नव्यानं लिहू, महिन्याभरात होईल." महिन्याभरात! डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं की अंगठाही किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. अंगठा आहे तोवर बोलणं आहे. त्यातला महिना मी कुणाला द्यायचा होता? विघ्नेशनं मागे एक टॅब्लेटही आणला होता, डोळ्यांची हालचाल ओळखणारा. त्याला यांची नजर सापडायचीच नाही आणि सापडली की तो पुण्याच्या कुठल्या बाईच्या आवाजात बोलायचा. माझ्या नवऱ्याच्या तोंडून परकी बाई! व्यंकोबांनी डोळे मिटून घेतले ते टॅब्लेट खोलीबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत.

पेटी बंद म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. "पाणी हवं का? उशी? पंखा? पाय आखडला? ऊन येतंय?" अंगठा हलला की हो, नाही तर नाही. मी विचारत सुटायची आणि त्यांना हवं ते माझ्या यादीत नसायचंच. शेवटी ते उगाच कशाला तरी हो म्हणायचे, माझी समजूत म्हणून. तीस वर्षं जो माणूस मला बोलू देत नव्हता त्याच्याशी मी एकटीच बोलत होते. स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

वन्संनी टेबल ओढून आणून यांच्या खाटेशी लावलं. म्हणाल्या, "त्याचें काम आहे. त्याच्यासमोर व्हावें." रेशमी रुमाल सोडला. गंध जसंच्या तसं होतं, पिवळं, वर कुंकू काळपटलेलं. वन्संनी त्याला बोट न लावता फळी टेबलावर ठेवली.

पहिली अडचण अशी की आताच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्टच नसतो. विघ्नेशनं एक जोडतार पाठवली, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जुना पोर्ट. लावली. काही होईना. वन्संनी मीटर टेकवला आणि मला बोलावलं. "पाहा. या फळीला स्वतःची वीज नाही. पोर्टांतून येते तीवरच जगते. चिपला लिहायला उठवायचें तर तेरा व्होल्ट पाहिजेत. हा नवा मनुष्य देतो आठ." मला त्यातलं व्होल्ट काही कळलं नाही, पण उपाशीपोटी कामाला लावल्यासारखं आहे एवढं कळलं.

जुना कॉम्प्युटर हवा होता. वन्संनी तिरुभुवनमच्या गुरुमूर्तींना फोन केला. हे वन्संचे जुने विद्यार्थी, आता साड्यांच्या काठपदरांची डिझाइनं करतात. त्यांच्याकडे एक म्हातारा कॉम्प्युटर अजून चालू होता, जुनी डिझाइनं त्याच्यावरच उघडतात म्हणून. दुसऱ्या सकाळी पावसात तो प्लॅस्टिकमध्ये बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन ते दारात हजर. "मॅडमनी मागितलं, नाही कसं म्हणू?" असं तमिळमध्ये म्हणाले आणि मी दिलेली कॉफी घेऊन खाटेशी बसले. व्यंकोबांनी कधी काळी यांचाही विमा उतरवला होता.

या कॉम्प्युटरवर तेरा व्होल्ट बरोबर आले. मी हात जोडले. चिप खोचली, गुरुमूर्तींनी बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सरकायला लागली आणि लगेच लाल अक्षरं आली. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळत नाही. चिपच्या आतल्या अगदी पहिल्याच घरात चूक. दुसरी चिप घेतली. तेच. तिसरी. तेच.

इथून पुढं मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. तीस वर्षं या बाईला मी टेबलाशी वाकलेलं बघत होते आणि मनात म्हणत होते, बसलीय सोल्डरचा धूर खात. त्या दिवशी पहिल्यांदा मी शेजारी बसून पाहिलं. मी असते तर काय केलं असतं? चिप बदलली असती, तार बदलली असती, दोन ठिकाणी ठोकलं असतं, शिव्या घातल्या असत्या. वन्सं एका वेळी एकच गोष्ट बदलत आणि मग थांबत. तार लांब आहे का? आखूड केली. फरक नाही, तर ती शंका उचलून बाजूला. सोल्डरचा डाख सुटलाय का? भिंगातून एकेक सांधा पाहिला, पुन्हा वितळवला. फरक नाही, शंका बाजूला. अगदी तांदूळ निवडावेत तसं. घाई नाही, वैताग नाही, तोंडातून आवाज नाही. आणि चुकलं तर चेहरा पडायचा नाही, उलट किंचित उजळायचा, की चला, हे नव्हे हे तरी ठरलं.

वैताग मी करत होते. "वन्सं, टाका ती फळी कावेरीत!" मी ओरडले. गुरुमूर्ती घाबरून कॉफीकडे बघायला लागले. वन्सं म्हणाल्या, "लक्ष्मी, ती खोटें बोलत नाही. मज अजून ऐकूं आलें नाही, इतकेंच."

मग त्यांनी स्पिरिटचा कापूस घेऊन पट्टी पुसायला घेतली. ओल असेल, धूळ असेल. सगळी पुसली. डावी बाजू, तारेची टोकं, सॉकेटची एक बाजू. टिळ्यापाशी कापूस आला की हात वळायचा, वळसा घालून पलीकडे जायचा. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही वळसाच घातला असता.

दुपारी त्यांनी चिप काढून टाकली आणि रिकामी फळी तपासायला घेतली. "दोन तारा आहेत," त्यांनी मला सांगितलं. "एक ताल धरते. दुसरी अक्षर नेते. तालावर अक्षर, तालावर अक्षर, असें चिप ऐकते." मग गुरुमूर्तींना म्हणाल्या, "ताल वर कर." त्यांनी पडद्यावर खूण केली. वन्संनी मीटर अक्षराच्या तारेला लावला होता. तिला कुणी हात लावलेला नव्हता. तिचा काटा हलायला नको. काटा हलला. थोडाच, पण हलला.

"खाली." काटा खाली आला.

"पुन्हा वर." पुन्हा हलला.

वन्सं ताठ बसल्या. एक ट्रान्झिस्टर सोडवला, पुन्हा केलं. हलला. दुसरा भाग सोडवला. हलला. एकेक भाग पट्टीवरून उचलत गेल्या आणि काटा प्रत्येक वेळी तितकाच हलत राहिला. शेवटी पट्टीवर फक्त सॉकेट उरला. त्याच्या दोन शेजारच्या पायांत या दोन तारा येऊन मिळतात. त्या दोन पायांच्या अगदी लगत व्यंकोबांचा टिळा होता.

वन्संनी भिंग घेतलं. पाहिलं. भिंग ठेवलं. कितीतरी वेळ त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते आणि मी त्यांचे हात रिकामे कधी पाहिलेच नव्हते.

"काय झालं, वन्सं?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. टिळ्याचा ओघळ सॉकेटच्या खाली शिरला होता. वाळलेलं पिवळं गंध, कुंकवाचा कण आणि त्याखाली तांबं हिरवं पडलेलं. त्या पायापासून या पायापर्यंत.

"वाळलें होतें तोंवर मुकाट होतें," वन्सं हलक्या आवाजात म्हणाल्या. "पावसाची ओल लागली, आणि ताल अक्षरांत झिरपायला लागला. मीं सगळें पाहिलें. हेंच सोडलें."

मी त्यांच्या कानाशी लागले. खाटेवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. "राहू द्या हो ते. झाकून ठेवा. त्यांच्या हाताचं शेवटचं आहे. तुम्ही दुसरी फळी करा, लागू देत आठ दिवस." डॉक्टर, अंगठा, महिना, सगळं विसरले होते मी. मला त्या क्षणी तो पिवळा डाग हवा होता, बास.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. "लक्ष्मी, आठवण गेलेल्या माणसाची ठेवतात. हा इथें आहे. याला बोलायचें आहे."

आणि त्यांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि तो टिळा पुसला. एका हातानं, न थांबता, कडेपासून आतपर्यंत. मला बघवेना. कापूस पिवळा झाला. मग सॉकेट डाख वितळवून उपसून काढला, त्याच्याखालचं हिरवं खरवडलं, ब्रशनं घासलं, नवा सॉकेट बसवला, उचललेले भाग एकेक करून जागेवर लावले. आपल्या हातानं आपल्या भावाच्या हाताची खूण पुसली या बाईनं. मी तिथं खुर्चीत बसून होते आणि मला वाटलं, मी या घरात इतकी वर्षं कुणाच्या शेजारी राहत होते? मला हिची ओळखच नव्हती.

चिप खोचली. "लिही," त्या म्हणाल्या. पट्टी सरकली. पहिलं घर गेलं, लाल आलं नाही. सरकत सरकत टोकाला पोचली आणि पडद्यावर हिरवं आलं. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळलं. गुरुमूर्ती उठून उभे राहिले. शाळेत बाई वर्गात आल्यावर राहतात तसे.

चिप पेटीत गेली. खिडकी उजळली. अक्षरं सरकायला लागली. मी यांच्या अंगठ्याखाली टोपडं घातलेलं बटण ठेवलं आणि आम्ही तिघं त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

टीं. बराच वेळ काही नाही. टीं. पुन्हा वाट. माझ्यात कुठला दम! तीन अक्षरं झाली नाहीत तर मी सुरू केलं, "पाणी का? माझं नाव लिहिताय का? अहो, मंगला लिहिताय का?"

टींऽऽऽऽऽऽ.

गप्प बस! मी तोंडावर हात ठेवला आणि हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. गप्प बस म्हणाला हो मला माझा नवरा! गुरुमूर्तींना काय झालं ते कळेना, त्यांनी घाईनं मला पाणी दिलं.

मग मी खरंच गप्प बसले. खिडकीत अक्षर अक्षर उतरत गेलं. "माझेंच गंध ना."

ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. कान शाबूत आहेत हे मी कसं विसरले! मी "नाही हो, सॉकेटच जुना झाला होता," असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "होय, व्यंकू. तुझेंच."

अंगठा थांबला. बाहेर पाऊस चालूच होता. मग पुन्हा टीं, टीं, सावकाश. "पुढल्या वर्षीं कोण लावील. लक्ष्मी नको. ती सांडते."

"मी सांडते?" माझा आवाज चढलाच. "मी? आणि तुम्ही काय केलंत हो?" व्यंकोबांचा चेहरा आता हलत नाही, पण डोळे हसतात, ते मला ओळखू येतं. पण त्या हसण्यामागं दुसरं काही होतं तेही ओळखू आलं. पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी अंगठा असेल का, हे असतील का, ते त्या खोलीत कुणीच म्हणणार नव्हतं.

वन्सं उठल्या. देवघरात गेल्या. सहाणेवर खोड घासल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात वाटी होती. त्यांनी टेबलावरची फळी उचलली, सॉकेटवर कापूस दाबून बसवला, आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसल्या. मला काही कळेना. मग त्यांनी यांच्या अंगठ्याखालचं बटण बाजूला केलं, टोपड्यासकट, आणि तिथं फळी धरली.

"पुढल्या वर्षीं कशाला?" त्या म्हणाल्या. "आतां लाव. तूंच लाव."

व्यंकोबांचे डोळे मोठे झाले. अंगठा मागे सरला. जितका सरू शकतो तितका. पाय आणि फळीला? अक्काच्या फळीला? जिनं पक्कडीला पाय लागला म्हणून मला वाकायला लावलं होतं, ती बाई त्यांच्या पायाशी विद्या घेऊन बसली होती.

वन्संनी त्यांचा पाय आपल्या तळहातावर घेतला. "व्यंकू, पाय म्हणूं नको. आतां हाच तुझा हात आहे."

त्यांनी अंगठा गंधात बुडवला. फळी जवळ आणली, पण टेकवली नाही. टेकवायचं काम त्यांचं होतं. आम्ही थांबलो. गुरुमूर्तींनी चपला नसलेले आपले पायही खुर्चीखाली ओढून घेतले. अंगठा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आणि मग टेकला.

टिळा वाकडा आला आहे. तसाच ठेवलाय, फळीच्या अगदी कडेला, सॉकेटपासून चांगला चार बोटं लांब.